वेळापत्रकातला देव

गेल्या वर्षी श्रावणापासून दिवाळीपर्यंत आमच्या घरातल्या फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. कागद माझ्या हस्ताक्षरातला. वर ठळक अक्षरांत मथळा होता, ‘सायंप्रार्थना व पाठांतर’, आणि खाली आडव्या-उभ्या रेघा मारून सात वार. सोमवारी रामरक्षा, मंगळवारी मनाचे श्लोक पाच, बुधवारी गीतेचे दोन श्लोक अर्थासह, गुरुवारी हरिपाठ, असे करीत करीत रविवारी उजळणी आणि तोंडी परीक्षा! वेळ सायंकाळी सात ते सात वीस. वीस वर्षे कॉलेजात शिकवण्यात गेली असल्यामुळे वेळापत्रक आखणे ही एकच कला मला निर्दोष साधते.

या उपक्रमाचे कारण तसे किरकोळ होते. वर्गात ज्ञानेश्वरी शिकवून मी घरी आलो होतो. चिरंजीव भिंतीवरच्या विठ्ठलाच्या तसबिरीकडे पाहत होते. ते म्हणाले, “बाबा, हे कंबरेवर हात ठेवून असे रागावून का उभे आहेत?” आठ वर्षांच्या मुलाचा प्रश्न, हसून सोडून द्यायचा. पण मला तो लागला. ज्या घरातला बाप संतसाहित्यावर पगार घेतो, त्या घरातल्या मुलाला विठोबा रागावलेला वाटावा! त्याच रात्री मी पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसलो.

हिशेबही मांडला. मनाचे श्लोक दोनशे पाच. आठवड्याला पाच धरले तर एकेचाळीस आठवडे. गीतेचे श्लोक सातशे; आठवड्याला दोन म्हणजे साडेतीनशे आठवडे. बारा वर्षांची आमची कन्या ही गीता पुरी करीपर्यंत माझ्याच वर्गात येऊन बसणार, हे ध्यानात आले. पण एखादा अभ्यासक्रम वेळेत संपत नाही म्हणून कोणत्या प्राध्यापकाने तो रद्द केला आहे?

वेळापत्रक अकरा दिवस चालले. सोमवारी कन्येचा चित्रकलेचा वर्ग साडेसातला सुटे. मंगळवारी माझीच कुठली तरी समिती बसे, आणि समिती एकदा बसली की लवकर उठत नाही. सौ. बँकेत; सप्टेंबरअखेरचे हिशेब सुरू झाले की तिला घरी यायला आठ वाजत. आणि चिरंजीवांच्या पोटात नेमके सात वाजता दुखू लागे आणि सात वीसला थांबे. हा आजार कोणत्याही वैद्यकग्रंथात नोंदलेला नाही. मी रागावलो, समजावले, शेवटी एका श्लोकाला एक चॉकलेट असा भावही ठरवला. त्याने पाठांतर वाढले, पण एके दिवशी लेखी हिशेब माझ्यापुढे आला, “बाबा, रामरक्षेतले अडतीस श्लोक, म्हणजे अडतीस चॉकलेटं. आधी अर्धी द्या.” तेव्हा मात्र मी ओशाळलो.

सौ. हे सगळे शांतपणे पाहत होती. एकदा फ्रिजमधून दूध काढताना तिने तो कागद नीट वाचला आणि म्हणाली, “अहो, यात सगळे वार आहेत, दोघा मुलांची नावं आहेत. तुमचं नाव कुठे आहे?”

“मी शिकवणारा ना!” मी म्हणालो.

“हो का,” म्हणून तिने फ्रिजचे दार लावले.

वाचकहो, तो ‘हो का’ मला पुढे बरेच दिवस ऐकू येत राहिला. कारण खरी अडचण वेळेची नव्हतीच. खरी अडचण अशी, की बाबांच्या मृत्यूनंतर मी देवापुढे बसलेलो नाही. ते गेले तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. भांडण वगैरे काही झाले नाही. एखाद्या नातेवाइकाकडे जाणे-येणे आपोआप कमी होत जावे तसे झाले. ओव्या वर्गात शिकवल्या, परीक्षेत विचारल्या, त्यांवर निबंध लिहिले. त्यांतली एकही स्वतःसाठी म्हटली नाही. मग मुलांना नेमके काय देणार होतो मी? स्वतः न जेवणाऱ्या माणसाने दुसऱ्याला पाककृती वाचून दाखवावी, त्यातलाच हा प्रकार!

माझे लहानपण असे नव्हते. बाबा वनखात्यात होते आणि माझी पहिली दहा वर्षे सेमाडोहला गेली. परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घटांगचा घाट ओलांडून सिपना नदीशी येतो, तिथले हे गाव. १९७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांतला तो एक. पण आम्हा मुलांच्या लेखी वाघ म्हणजे संध्याकाळ झाली की घरात येण्याचे कारण, एवढेच. दिवे लागायच्या सुमाराला आई हाका मारी. हातपाय धुऊन कंदिलाजवळ बसायचे. शुभं करोति, मग रामरक्षा, आणि मग आईची गीताई.

ती गीताई खिशात मावेल एवढी. बाबांनी कुठल्याशा स्टेशनवरच्या सर्वोदय साहित्याच्या दुकानातून आणलेली. आई चौथी शिकलेली. जोडाक्षर आले की थांबायची. तेव्हा ते पुस्तक वाचण्याचे काम माझ्याकडे आले. मला अर्थ कळत नव्हता, आणि आईने तो कधी विचारलाही नाही. मी वाचायचो, ती वाती वळत ऐकायची. मध्येच हात वर करायची, म्हणजे पुन्हा वाच. एखादा श्लोक तीन-तीनदा. मला कंटाळा यायचा. पण आईला माझ्याकडून काहीतरी हवे आहे आणि ते फक्त मलाच देता येते, हा रुबाब कंटाळ्याहून मोठा होता.

गीताईच्या जन्माची कथा आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. विनोबांचे कुटुंब बडोद्याला राहत होते. आई रुक्मिणीबाई गीतेवरच्या प्रवचनाला जात, पण संस्कृत कळेना. त्यांनी मुलाला मराठी गीता आणायला सांगितली. मुलाने गद्य भाषांतर आणले. त्यांना पद्य हवे होते. मग वामनपंडितांची समश्लोकी आणली. ती कठीण वाटली. तेव्हा त्या माउलीने सरळ विचारले, की मग तूच का करीत नाहीस? १९१६ साली विनोबा घर सोडून गेले. १९१८ साली आई वारली. गीताई लिहायला सुरुवात झाली ऑक्टोबर १९३० मध्ये, आणि ती पुरी झाली फेब्रुवारी १९३१ मध्ये. जिने मागितली तिने ती पाहिलीच नाही. पण मागणे मुलाच्या मनात बारा वर्षे जागे राहिले, आणि पुस्तकाच्या नावातच ‘आई’ येऊन बसली. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती उतरून घेतली साने गुरुजींनी. आणि दुसऱ्याच वर्षी त्याच गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. एकाच्या आईचे मागणे आणि दुसऱ्याच्या आईचे सांगणे, दोन्ही पुस्तकरूपाला आली!

याच रुक्मिणीबाईंची आणखी एक गोष्ट आहे. त्यांनी देवाला एक लाख तांदळाचे दाणे वाहण्याचा नेम केला होता आणि त्या रोज एकेक दाणा मोजून वाहत. विनोबांचे वडील हिशेबी, शास्त्रीय वृत्तीचे. त्यांनी सुचवले, तोळाभर तांदूळ घे, त्यात किती दाणे भरतात ते मोज, मग लाख दाण्यांचे वजन काढ. कमी पडू नये म्हणून अर्धा तोळा जास्त घाल, झाले! आईला उत्तर सुचेना. संध्याकाळी तिने मुलाला विचारले. मुलगा म्हणाला, की हे मोजणे म्हणजे गणित नाही. एकेका दाण्याबरोबर मन देवाकडे जाते, त्यासाठी हे मोजायचे.

ही गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली आहे आणि मुले कितीदा हसली आहेत. पण सातशेला दोनाने भागून साडेतीनशे आठवडे काढणारा मी त्या गोष्टीत नेमका कुठे उभा आहे, हे फ्रिजवरचा तो कागद पाहीपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते.

दिवाळीच्या सुटीत आम्ही सेमाडोहला जायचे ठरवले. मुलांना जंगल पाहायचे होते, सौ.ला चार दिवस बँक विसरायची होती, आणि आईला आपले जुने घर बघायचे होते. ‘बघायचे’ हा शब्द मी सवयीने लिहिला. आईचे मोतीबिंदू केव्हाच निघाले; पण डोळ्याच्या पडद्याला विकार आहे आणि डॉक्टरांनी त्यावर फार आशा ठेवू नका असे सांगितले आहे. माणसे ओळखू येतात, वाट दिसते. बारीक अक्षर मात्र गेले. त्यावर मी उपाय केला होता. मोबाइलवर गीताई, हरिपाठ, रामरक्षा, सगळे गोड आवाजांत भरून दिले होते. “ऐकतेस ना?” असे विचारले की ती म्हणे, “ऐकतो नं बाप्पा. लय छान म्हणते ते बाई.” आणि मी कृतकृत्य होऊन समितीच्या बैठकीला जाई.

घटांगच्या घाटातच मोबाइलची रेंज गेली. ऑक्टोबर सरत आलेला. सागाची पाने मोठाली आणि खरखरीत झालेली, सिपनेत पाणी खळखळत होते. वनखात्याच्या संकुलात उतरलो. आमचे जुने क्वार्टर ओळखू येण्यासारखे राहिले नव्हते. आई एका चिंचेच्या खोडावर हात फिरवून “हेच” म्हणाली, आम्हीही “हेच” म्हटले.

संध्याकाळी बाबांबरोबर जंगलात फिरलेले एक कोरकू वृद्ध आईला भेटायला आले. दोघांनी गेलेल्यांची चौकशी केली. कोरकूंचा धर्म कुठल्या पोथीत लिहिलेला नाही, तरी तो एवढ्या पिढ्या चालत आला आहे. तेव्हा माझ्यातला मास्तर जागा झाला. मी विचारले, “तुम्ही मुलांना देवाचं कसं शिकवता?” ते हसले. “शिकवाचं काय त्यात? नवं धान्य आलं की मुठव्याजवळ नेतो. पोट्टं संगं येते.” मुठवा म्हणजे त्यांचा गावदेव. मी मनातल्या मनात या उत्तराचे सुभाषित करणार, तेवढ्यात तेच पुढे म्हणाले, “पण आता नातू आश्रमशाळेत हाये. सुटीत घरी येते, तवा सण होऊन गेला राह्यते.” म्हणजे त्यांचेही वेळापत्रक जुळत नव्हतेच! जंगलातले सगळे आपसूक चालते आणि शहरातले तेवढे बिघडते, असे लिहून टाकण्याची सोय त्यांनी मला ठेवली नाही.

ते गेले, अंधार पडला आणि वीजही गेली. सौ.ने मेणबत्ती लावली. मुलांना मोबाइल नाही, दूरदर्शन नाही. दोघेही भिंतीकडे बघत बसली. आई पलंगावर होती. तिने पिशवी चाचपली, एक लहानसे पुस्तक काढले, मेणबत्तीजवळ नेले, डोळ्यांशी धरले, आणि पुन्हा मांडीवर ठेवले. पाठकोरे कापड लावून शिवलेले तेच पुस्तक.

“आजी, ते काय आहे?” कन्येने विचारले.

“गीताई. वाचता येत नाही आता, पण संगं असली म्हणजे बरं वाटते.”

“मग आम्हाला का नाही सांगितलंस वाचायला?”

“तुमच्या शाळा राह्यतात, माय. तुह्या बापाचं कॉलेज राह्यते. कोनाले सांगू?”

“पण मोबाइलवर आहे ना!” मी म्हणालो. आवाज थोडा दोषी निघाला असावा.

“हाये नं. पण तो थांबत नाही रे. मधातच एखाद्या गोष्टीत मन अटकते, पुन्हा ऐकावंसं वाटते, त हात वर केला तरी तो आपला पुढेच चालला राह्यते.”

हात वर केला तरी! मी मेणबत्तीच्या वातीकडे पाहत राहिलो. मुलांना भक्ती शिकवण्यासाठी मी कागदावर रेघा मारीत होतो, आणि त्याच घरात, पलीकडच्या खोलीत, एक माणूस कुणीतरी पोथी वाचून दाखवील म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहत होते. तिने मागितले नाही, कारण आम्ही सगळे कामात होतो. आणि मी विचारले नाही, कारण मी व्यवस्था करून दिली होती. व्यवस्था करून दिली की माणसाची चौकशी करायची राहून जाते!

कन्येने पुस्तक उचलले. “कुठून वाचू?”

“बारावा वाच.”

बाराव्या अध्यायाचे वीस श्लोक. मुलीची शाळा इंग्रजी माध्यमाची; जोडाक्षरापाशी गाडी अडत होती, आणि ती अडली की आई अंधारातून पुढचा शब्द सांगत होती. चारदा असे झाल्यावर चिरंजीव न राहवून म्हणाले, “आजी, तुला तर सगळं पाठ आहे! मग वाचून कशाला पाहिजे?”

“पाठ हाये म्हणून काय झालं? तुही माय तुले रोज पुसते, जेवला का म्हणून. तुले मालूम नसते काय, आपण जेवलो ते? पण एक दिवस पुसलं नाही, त तोंड पाडून बसतो.”

चिरंजीव यावर विचार करू लागले. तेवढ्यात कन्येने एका शब्दाचा अर्थ मला विचारला. मी सुरुवात केली. शब्दाची व्युत्पत्ती, ज्ञानेश्वरीतला त्याचा वापर, शांकरमत, असा मी रंगात आलो होतो. सात-आठ मिनिटांनी दम घ्यायला थांबलो, तेव्हा आई म्हणाली, “झालं काय? वाच माय, पुढे वाच.” सौ. अंधारात हसली हे मला दिसले नाही, पण कळले.

सातवा का आठवा श्लोक संपला आणि आईने हात वर केला. कन्येला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. ती थांबून माझ्याकडे बघू लागली. “पुन्हा वाचायचं,” मी म्हणालो. पण ती वाचीपर्यंत मला धीर धरवला नाही. पुस्तक तिच्या हातातून घेतले आणि मीच वाचले. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा. दुसऱ्या ओळीला घसा दाटला; मेणबत्तीच्या धुराचे निमित्त मिळाले. आई काही म्हणाली नाही. तिने पुन्हा हात वर केला, आणि मी पुन्हा वाचले.

रात्री बाहेरच्या पायरीवर चिरंजीव माझ्याजवळ येऊन बसले. इतके तारे अमरावतीत दिसत नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “बाबा, देव खरंच आहे का?”

वेळापत्रकातल्या मला या प्रश्नाचे उत्तर तयार होते. पायरीवरच्या मला ते देववेना. “मला नक्की ठाऊक नाही रे,” मी म्हणालो. “आजीला ठाऊक आहे असं वाटतं. आणि आजी खोटं बोलत नाही, हे मला ठाऊक आहे.”

“मग आजीलाच विचारतो,” असे म्हणून ते उठून गेले. आजीने काय सांगितले ते दोघांनीही मला अजून सांगितलेले नाही.

घरी आल्यावर फ्रिजवरचा कागद मी काढला. आता आमच्याकडे रोज नियमाने पोथीवाचन होते असे सांगितले, तर ते खरे होणार नाही. आठवड्यातून चार दिवस होते, परीक्षा आल्या की दोन. बँकेच्या मार्चअखेरीला एकदाही झाले नाही. वेळ ठरलेली नाही. जेवणे झाली की आई पुस्तक मांडीवर घेऊन बसते, आणि जो मोकळा असेल तो जवळ जातो. कधी सौ. वाचते, कधी मुले वाचण्यावरून भांडतात, कधी मी. माझी श्रद्धा परत आली का, असे कुणी विचारले तर सांगणे अवघड आहे. पण जाणे-येणे पुन्हा सुरू झाले आहे, एवढे खरे.

आणि एक सांगण्यासारखे आहे. पुस्तकातली अक्षरे आजीला दिसत नाहीत हे कन्येच्या मनात राहिले असावे. तिने आपली चित्रकलेची मोठी वही काढली आणि तीत काळ्या जाड पेनाने बारावा अध्याय उतरवायला घेतला. एका पानावर एक श्लोक, बोटभर उंचीची अक्षरे. आई खिडकीपाशी उजेडात वही धरते आणि बोट फिरवीत स्वतः वाचते. कित्येक वर्षांनी! परवा एका ठिकाणी तिचे बोट थांबले. “माय, इथं वेलांटी चुकली तुही,” ती म्हणाली. कन्येने जीभ चावली आणि खोडरबर शोधू लागली. जाड पेनाची शाई खोडता येत नाही हे तिच्या उशिरा लक्षात आले. आता ते पान ती पुन्हा लिहिणार आहे.

तेरा श्लोक झाले आहेत, सात उरले आहेत. केव्हा पुरे होतील याचा हिशेब मी मांडलेला नाही.